हडप्पा आणि मेसोपोटेमिया: संबंध होता हे नक्की कशावरून म्हणायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुजरातमधल्या लोथल या हडप्पाकालीन ठिकाणी गेलात, तिथं "इथून जहाजं थेट मेसोपोटेमियाला जायची" असं ऐकलंत. घरी येऊन शोधलं तर एका व्हिडिओत दोन वाघांना अडवणारा मोहेंजोदडोचा माणूस आणि मेसोपोटेमियाच्या महाकाव्यातला वीर गिल्गमेश शेजारी ठेवून "दोन्ही एकच संस्कृती" असा निकाल दिलेला, आणि दुसऱ्या कुणी "हे सगळे तर्क आहेत, पुरावा काही नाही" म्हणून झटकून टाकलेलं. आता तुम्हाला गावातल्या वाचनालयात यावर बोलायचं आहे आणि कोणाचं खरं मानायचं ते कळत नाही.

संबंध होता, याबद्दल अभ्यासकांत वाद उरलेला नाही. साधारण ख्रि.पू. 2600 ते 1900 हा नागर हडप्पा काळ, आणि त्यातल्या मोठ्या भागात सिंध-गुजरातचा माल इराकपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियापर्यंत, पोचत होता. वाद आहे तो पुढच्या गोष्टींवर: किती माल, कुणाच्या जहाजातून, थेट की मधल्या बंदरांतून हात बदलत, आणि बदल्यात काय आलं. म्हणजे "संबंध होता का" हा प्रश्न सुटलेला आहे. तुम्हाला खरी अडचण आहे ती कोणता पुरावा किती वजनाचा, हे ठरवायची. माझ्या कामात पुराव्यांची जी उतरंड वापरतो, तीच इथं मांडतो.

सगळ्यात वर येते ती वस्तू, जिचा कच्चा माल, बनवायची रीत, सापडल्याची जागा आणि काळ या चारही गोष्टी तपासता येतात. लाल अकीकाचे, म्हणजे कार्नेलियनचे लांब मणी हे याचं उत्तम उदाहरण. इराकमधल्या उर इथं लिओनार्ड वूली यांनी 1922 ते 1934 या काळात उत्खनन केलं. तिथल्या राजघराण्याच्या दफनभूमीत, ख्रि.पू. तिसऱ्या सहस्रकाच्या मध्याच्या थडग्यांत, असे मणी निघाले. सुमेरच्या, म्हणजे दक्षिण मेसोपोटेमियाच्या, गाळाच्या सपाट मुलखात दगडच मिळत नाही, तेव्हा ते बाहेरून आले हे उघड आहे. पण बाहेरून म्हणजे कुठून?

इथं कारागिरी कामाला येते. नर्मदेच्या खालच्या खोऱ्यात रतनपूरच्या आसपास अकीकाचे गोटे मिळतात आणि खंभातमध्ये आजही त्यांचे मणी बनतात, त्यामुळे पायऱ्या नीट माहीत आहेत. गोटा आधी उन्हात वाळवायचा, मग मडक्यात घालून सावकाश तापवायचा. आतल्या लोहामुळे भुरकट दगड लालभडक होतो. उष्णता घाईनं वाढवली तर आतला ओलावा दगड फोडतो. मग टाकीनं घडवणं, घासणं, आणि शेवटी भोक. अवघड काम हेच. हडप्पाच्या कारागिरांकडे एका विशिष्ट कठीण दगडाचं ड्रिल होतं. सिंधमधल्या चन्हुदडोचं उत्खनन करणारे अर्नेस्ट मॅके यांच्या नावावरून त्या दगडाला अर्नेस्टाइट म्हणतात. या ड्रिलचं टोक मधल्या भागापेक्षा किंचित रुंद असतं. पुरातत्त्वज्ञ जोनाथन मार्क केनॉयर यांच्या प्रयोगांत हे ड्रिल कार्नेलियनमध्ये तासाला सुमारे अडीच मिलिमीटर शिरतं. 12 सेंटिमीटरच्या मण्याला याच वेगानं 48 तास निव्वळ भोक पाडण्याचे. दोन्ही टोकांकडून पाडत मध्ये गाठ घालायची, आणि जरा नेम चुकला की इतक्या दिवसांचं काम वाया.

तपासताना मण्याच्या भोकात सिलिकॉन भरून त्याचा साचा काढतात आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ड्रिलनं सोडलेले वळसे, भोकाचा हळूहळू निमुळता होत गेलेला आकार, मधला सांधा हे सगळं साच्यावर उमटतं. तांब्याचं ड्रिल आणि वाळू वापरून पाडलेलं भोक वेगळं दिसतं, गारगोटीच्या टोकाचं आणखी वेगळं. उरच्या लांब मण्यांची भोकं सिंधच्या रीतीची आहेत. शेजारी ठेवून केलेल्या तुलनेपेक्षा हा पुरावा कितीतरी पक्का, कारण भोकाच्या आतली खूण कुणी नक्कल म्हणून करत नाही.

त्यांच्याबरोबर पांढऱ्या नक्षीचे लाल मणीही मिळतात. सज्जीखार वनस्पतीच्या रसात कालवून लेप करायचा, काडीनं मण्यावर वर्तुळं-रेघा काढायच्या, लेप वाळला की कोळशात थोडा वेळ तापवायचा. नक्षी कायमची पांढरी उमटते. मॅके यांनी विसाव्या शतकात सिंधमधल्या सेहवान गावी ही रीत प्रत्यक्ष करून घेऊन नोंदवली. या मण्यांबाबत मात्र दोन सावधगिऱ्या हव्यात. एक, ही कला हडप्पाबरोबर संपली नाही. सातवाहन काळातही असे मणी बनत होते. म्हणून उत्खननातला थर माहीत नसताना, नुसत्या सुट्या मण्यावरून काळ सांगू नये. दुसरी, उरच्या काही मण्यांचे आकार आणि नक्षी सिंधमध्ये आढळत नाहीत. एक शक्यता अशी की सिंधकडचे कारागीर तिकडे जाऊन तिथल्या गिऱ्हाइकांच्या आवडीचा माल बनवत होते. तसं असेल तर माणसंही गेली होती. पण ही शक्यता आहे, सिद्ध गोष्ट नाही, आणि व्याख्यानात ती तशीच सांगा.

लेखी पुराव्याचा क्रम दुसरा. तो ऐकायला जास्त रोमांचक असला तरी त्यात फसायच्या जागा जास्त आहेत. अक्कडचा राजा सारगॉन (ख्रि.पू. 24वं-23वं शतक) त्याच्या लेखात सांगतो की मेलुहा, मगान आणि दिलमुन इथल्या नौका त्यानं अक्कडच्या धक्क्याला लावल्या. दिलमुन म्हणजे बहरीन आणि आसपासचा किनारा, मगान म्हणजे ओमानचा पट्टा, आणि त्यापलीकडचा मेलुहा म्हणजे सिंधू खोरं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सुमेरमधल्या लगाश शहराचा शासक गुडेआ मेलुह्याचं कार्नेलियन, लाकूड आणि सोन्याची भुकटी मिळाल्याचं नोंदवतो. शु-इलिशु नावाच्या माणसाच्या दंडगोल मुद्रेवर (शिक्क्यावर) त्याची ओळख "मेलुहा भाषेचा दुभाषा" अशी आहे. ती मुद्रा आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. ख्रि.पू. 21व्या शतकातल्या, उरच्या तिसऱ्या घराण्याच्या काळातल्या मातीच्या पाट्यांत लगाश भागात "मेलुहा गाव" येतं, धान्यकोठारासकट. तिथल्या लोकांची नावं तोवर सुमेरी झालेली दिसतात, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहून मिसळून गेलेली वस्ती असावी.

आता अडचणी. सारगॉनचा लेख आपल्याकडे मुख्यतः नंतर केलेल्या नकलांतून आला आहे. शु-इलिशुची मुद्रा खाजगी संग्रहातून आलेली, कुठल्या थरात होती ते माहीत नाही. तिचा काळ शैलीवरून ठरवला आहे. आणि सर्वांत मोठा खड्डा असा की ख्रि.पू. दुसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धापासून हेच "मेलुहा" नाव इजिप्तच्या दक्षिणेकडच्या, म्हणजे नुबियाच्या प्रदेशाला वापरलेलं आढळतं. असीरियन राजांच्या, ख्रि.पू. सातव्या शतकाच्या लेखातला मेलुहा पुढे करून "पाहा, तेव्हाही भारताशी संबंध" म्हणणारे लेख सर्रास दिसतात. कुणी मेलुह्याचा दाखला दिला की आधी विचारा, लेख कोणत्या शतकाचा. ख्रि.पू. 1700 नंतरचा असेल तर तो या विषयात जवळजवळ कामाचा नाही.

आणखी एक ध्यानात असू द्या. मेलुहा म्हणजे सिंधू खोरं हे समीकरण कुठल्याही हडप्पा लेखातून आलेलं नाही, कारण ती लिपी अजून वाचता आलेली नाही. ते भूगोल आणि मालाच्या यादीवरून बांधलं आहे. म्हणूनच मी वस्तू आधी आणि लेख नंतर ठेवतो: मण्यांचा पुरावा मेलुहा नावावर अवलंबून नाही, पण मेलुह्याची ओळख मण्यांवर अवलंबून आहे.

मुद्रांची गोष्ट याहून गमतीची, कारण हडप्पाचं वयच मेसोपोटेमियामुळे कळलं. 20 सप्टेंबर 1924 ला भारतीय पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात हडप्पा-मोहेंजोदडोचे फोटो छापले तेव्हा ही शहरं किती जुनी याची कुणालाच नीट कल्पना नव्हती. पुढच्याच आठवड्यात मेसोपोटेमियाचे अभ्यासक ए. एच. सेस यांनी पत्र लिहून इराणच्या सुसा इथल्या वस्तूंशी साम्य दाखवलं. पाठोपाठ त्याच विषयाचे अभ्यासक गॅड आणि सिडनी स्मिथ यांनी सुमेरकडे बोट दाखवलं, आणि त्या वेळी इराकमध्ये किश इथं खणत असलेल्या मॅके यांनी तिथं अगदी अशीच मुद्रा सापडल्याचं मार्शलना कळवलं. काही दिवसांत भारताचा इतिहास दोनेक हजार वर्षांनी मागे गेला. 1932 मध्ये गॅड यांनी उर इथं मिळालेल्या भारतीय धर्तीच्या मुद्रांवर वेगळा लेख लिहिला.

मुद्रांत बारकाईनं पाहायची गोष्ट म्हणजे त्यांचा आकार. सिंधची मुद्रा चौकोनी, दाबून ठसा उठवायची. मेसोपोटेमियाची दंडगोल, ओल्या मातीवर फिरवायची. आखाताची, म्हणजे बहरीन-फैलाका भागातली, गोल बटणासारखी. आखाती गोल मुद्रांपैकी काहींवर सिंधू लिपीची चिन्हं आहेत, बैलही आहे. पण चिन्हांचा क्रम बऱ्याचदा असा की सिंधमध्ये तो आढळत नाही. अस्को पारपोला यांच्यासारख्या अभ्यासकांचा निष्कर्ष असा की ओळखीच्या चिन्हांतून कुणीतरी वेगळीच भाषा किंवा परकी नावं लिहीत होतं. परदेशी बंदरात स्थायिक झालेल्या व्यापाऱ्यांकडून हेच अपेक्षित आहे. लोथलला नेमकी अशीच एक गोल आखाती मुद्रा मिळाली. पण ती जमिनीच्या पृष्ठभागावर मिळाली, थरात नाही. तेवढं वजन कमी करून सांगा.

वजनमापं मला स्वतःला मुद्रांहून बोलकी वाटतात. हडप्पाची वजनं चर्टसारख्या कठीण दगडाची, घनाकृती, घासून गुळगुळीत केलेली. सगळ्यात लहान माप सुमारे 0.86 ग्रॅम, मग दुप्पट दुप्पट करत 2, 4, 8, 16, 32, 64. सोळापटीचं, सुमारे 13.7 ग्रॅमचं वजन सर्वांत जास्त मिळतं. मेसोपोटेमियात हिशेब शेकेलचा: सुमारे 8.4 ग्रॅमचा एक शेकेल, 60 शेकेलचा मिना, 60 मिनांचा मोठा भार, सुमारे 30 किलो. दोन्ही पद्धती पूर्ण वेगळ्या. आणि बहरीनच्या किल्ल्याखालच्या प्राचीन गावात, कलात अल-बहरीनला, सिंधच्या धर्तीची वजनं मिळाली आहेत. मणी भेट म्हणूनही जातो, मुद्रा एखादा प्रवासी खिशात घेऊन जाईल. पण परक्या मापानं तोलणं म्हणजे त्या लोकांशी नेहमीची देवघेव असल्याशिवाय होत नाही.

इथवरचं एकत्र करून सांगायचं तर: सिंधचा माल उरच्या थडग्यांत, सिंधची मापं बहरीनमध्ये, सिंधची चिन्हं आखाताच्या मुद्रांवर, आणि मेसोपोटेमियाच्या पाट्यांत त्या दिशेच्या देशाचं नाव, गाव, दुभाषा. चार वेगवेगळ्या प्रकारचे धागे एकाच काळात एकाच दिशेनं जातात. यातला एखादा उद्या चुकीचा ठरला तरी बाकीचे टिकतात.

आता लोथल. तिथली विटांची मोठी खोल टाकी सुमारे 215 मीटर लांब आहे. लोथलचं उत्खनन करणारे एस. आर. राव यांनी ती गोदी म्हटली, इतरांनी पाण्याचा तलाव. साबरमती आज तिथून लांब वाहते, हा गोदीविरुद्धचा एक आक्षेप. 2024 मध्ये आयआयटी गांधीनगरच्या अभ्यासकांनी उपग्रहचित्रांवरून नदीचा जुना प्रवाह लोथलजवळून जात असल्याचं मांडलं, त्यानं गोदीच्या बाजूला बळ मिळालं. पण टाकी गोदी होती असं धरलं तरी तिथून निघालेली नाव थेट इराकला गेली हे त्यातून निघत नाही. मधले थांबे आपल्याला ठाऊक आहेत. मकरान किनाऱ्याजवळ, आजच्या इराण सीमेलगत, सुत्कागेन-दोर हे पश्चिमेचं हडप्पा ठाणं. ओमानच्या पूर्व टोकाला रास अल-जिन्झ, जिथं हडप्पाची खापरं, अगदी सिंधू अक्षरं असलेलं एक खापरही, मिळालं. तिथंच जुन्या नौकांचं डांबर निघालं: एका बाजूला बोरूच्या मोळ्यांचे आणि दोरांचे ठसे, दुसऱ्या बाजूला समुद्रात बराच काळ राहिल्यावर चिकटणारे बार्नेकल नावाचे कवचधारी जीव. म्हणजे खऱ्याखुऱ्या समुद्रात फिरलेल्या नौकेच्या तळाचा हा तुकडा. ओमानमध्ये ठिकठिकाणी सिंधचे मोठे काळ्या लेपाचे रांजणही मिळतात. यावरून गुजरात ते ओमान हा टप्पा मी निःशंक सांगतो. ओमान ते उर हा दुसरा. एकच नाव शेवटपर्यंत जायची की नाही, हे काळावर अवलंबून होतं असं दिसतं: सारगॉनच्या वेळी मेलुह्याच्या नौका वर येताना दिसतात, तर ख्रि.पू. 2000 नंतर उरच्या व्यापाऱ्यांच्या पाट्यांत फक्त दिलमुन उरतं. पुढच्या काही शतकांत उरचा एया-नासिर नावाचा व्यापारी तांबं आणतो ते दिलमुनहून.

तारखांचं एक तांत्रिक दुखणं आहे, ते माहीत असलेलं बरं. मेसोपोटेमियाच्या राजांची साल वेगवेगळ्या गणनांत मागेपुढे होते. हम्मुराबीची कारकीर्द प्रचलित मध्यम गणनेत ख्रि.पू. 1792 ते 1750, लघु गणनेत ती 64 वर्षं अलीकडे सरकते. हडप्पाच्या तारखा मात्र मुख्यतः कार्बन-14 वरून येतात. त्यात जुन्या झाडाच्या गाभ्याचा कोळसा वापरला असेल तर तारीख खरीपेक्षा जुनी येते, म्हणून धान्याचे दाणे बरे. समुद्री शिंपल्यांची तारीख तर दुरुस्ती न करता घेतली तर काही शतकं जुनी दिसते. त्यामुळे "अमक्या साली इकडे आणि त्याच साली तिकडे" अशी वाक्यं टाळा. शतकाच्या पातळीवर बोला.

राहिला तो दोन वाघांचा माणूस. मेसोपोटेमियात दोन पशूंना दोन्ही हातांनी धरणारा वीर खूप जुना आहे, सिंधच्या मुद्रांवर तसाच माणूस दोन वाघांमध्ये आहे. कल्पना तिकडून आली असणं शक्य आहे, कारण संपर्क इतर पुराव्यांनी सिद्ध आहे. पण हे चित्र स्वतः संपर्क सिद्ध करत नाही. दोन पशू आणि मध्ये माणूस ही मांडणी कुणालाही सुचू शकते, आणि त्याला गिल्गमेश म्हणणं तर आणखी पुढची उडी आहे, कारण त्या मेसोपोटेमियन चित्रांतला वीरही गिल्गमेशच आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. उलट बाजूनं पाहा: अक्कड काळाच्या मुद्रांवर अचानक सिंधकडची पाणम्हैस दिसू लागते, राजा शर-काली-शर्रीचा लेखनिक इब्नी-शर्रुम याच्या मुद्रेवर ती फार देखणी कोरली आहे, आणि त्या काळानंतर ती पुन्हा दिसेनाशी होते. हे चित्र मला जास्त मोलाचं वाटतं, कारण त्याला विशिष्ट काळ आहे आणि त्या काळात सिंधशी येणंजाणं सर्वाधिक होतं.

काळ आणि वाट यांचा विचार न करता नुसतं साम्य पाहिलं की काय होतं याचा धडा 1932 मध्येच मिळाला आहे. गियोम द एवेशी यांनी सिंधू लिपी आणि ईस्टर बेटावरची रोंगोरोंगो लिपी यांची चिन्हं जोडीनं मांडली, आणि खरंच कितीतरी जोड्या हुबेहूब दिसतात. पण रोंगोरोंगोची पहिली नोंद 1864 ची, सिंधू लिपी ख्रि.पू. 1900 च्या सुमारास थांबते, आणि मध्ये अर्धी पृथ्वी. साध्या रेघांची शेकडो चिन्हं दोन्हीकडे असली की काही जुळणारच.

प्रश्न विचारायचं राहून जातं ते बदल्यात काय आलं याबद्दल. सिंधमध्ये मेसोपोटेमियाचा माल जवळपास नाही. मोजक्या दंडगोल मुद्रा आहेत, पण त्यांवरचं काम इथलंच. बहुधा कापड, लोकर, तेल, धान्य किंवा धातू असा, जमिनीत न टिकणारा किंवा वितळवून टाकला जाणारा माल आला असावा. "असावा" हा शब्द इथं काढू नका.

महाराष्ट्राचा उल्लेख करायचा असेल तर दायमाबाद घ्या, अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी. उत्खननात उत्तर हडप्पा, म्हणजे हडप्पाच्या शेवटच्या काळातल्या, थरातून सिंधू चिन्हं असलेल्या मातीच्या बटणासारख्या मुद्रा मिळाल्या. हा हडप्पाशी पक्का दुवा. 1974 मध्ये तिथंच मिळालेला बैल जुंपलेला रथ, म्हैस, हत्ती, गेंडा हा धातूशिल्पांचा साठा मात्र उत्खननाबाहेर, एका गावकऱ्याला मिळाला. त्यामुळे एम. एन. देशपांडे, एस. ए. साळी वगैरेंनी तो उत्तर हडप्पा मानला तरी डी. पी. अग्रवाल यांनी धातूच्या पृथक्करणावरून शंका घेतली, आणि थर नसल्यामुळे तो वाद तसाच आहे. मेसोपोटेमियाशी दायमाबादचा संबंध जोडायला आधार नाही, जोडू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात इराकमधल्या निमरूदचे असीरियन शिलापट आहेत, ते पाहून कुणी श्रोता प्रश्न विचारेल. ते एकोणिसाव्या शतकात, उत्खननानंतर जहाजानं इकडे आलेले आहेत.

व्याख्यानात स्लाइड कमी असतील तर उरचा लांब मणी, बहरीनची वजनं आणि रास अल-जिन्झचं डांबर या तीन वस्तू ठेवा, आणि प्रत्येकीखाली सापडल्याची जागा व शतक लिहा. दोन वाघांचा माणूस ठेवायचाच असेल तर सगळ्यात शेवटी, आणि शेजारी गिल्गमेशचं नाव न लिहिता.